तठे दिवा कोन लावस?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशीची गोष्ट आहे. मी दुपारच्या एसटीने धुळ्याहून माहेरी आले, उन्हानं डोकं फुटायची वेळ, घरात शिरले तर ओसरीवर माय आणि वहिनी उरलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) चादरीवरून काढत होत्या आणि मधल्या खोलीत वाळ्याच्या कूलरसमोर माझा भाचा कानाला हेडफोन लावून बसलेला. त्याच्या बाजूला त्याचे दोन दोस्त. तिघं इंजिनियरिंगचे, तिघांच्या परीक्षा अर्ध्या झालेल्या अर्ध्या राहिलेल्या. संध्याकाळपर्यंत ते तसेच. आणि मग दिवेलागणीच्या वेळेला, माय नुकतीच देवापाशी दिवा लावून तुळशीकडे निघाली होती, तेव्हा आतून एकदम हसण्याचा असा स्फोट झाला की मायच्या हातातलं निरांजन हललं.

"काय व्हयनं रे?" ती दारात थांबली.

भाच्यानं हेडफोन काढला. त्याला सांगायचं तर होतं पण आजीला सांगायचं कसं हा प्रश्न. म्हणाला, आजी, हा गेम आहे, यात जग बुडालेलं आहे, म्हणजे अमेरिका बुडालेली आहे, आणि सहाशे वर्षं होऊन गेलीत, आता तिथं परत राजे-सरदार-घोडे-तलवारी आलेत, आणि लोक जुन्या गंजलेल्या मशीनींना देव मानतात. मोटारीच्या कारखान्याला. म्हणून हसतोय.

माय ऐकत होती. मला वाटलं आता म्हणेल की दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालतो तो काय वेगळा. (ते मी म्हणायच्या तयारीत होते.) तसं काही ती म्हणाली नाही. तिनं हातातल्या निरांजनाच्या ज्योतीवर हात धरला आणि विचारलं, "इतलं समदं बुडनं, मंग तठे दिवा कोन लावस?" तठे म्हणजे तिथं.

पोरं गप्प. एक जण म्हणाला, आजी, असतील की तिथं पुजारी वगैरे. माय म्हणाली, "पुजारीनं नही इचारत. घरमा. घरमा दिवा कोन लावस?" आणि तुळशीकडे निघून गेली. पोरं परत हसली पण आता जरा वेगळं हसली, आणि खेळ सुरू झाला. मला मात्र तो प्रश्न रात्रभर पुरला, गच्चीवर झोपले तरी.

आता मी काही गेम खेळणारी बाई नाही. पण हा गेम मला थोडा माहितीये कारण भाचा तीन वर्षांपासून त्याच्याबद्दल बोलतोय. क्रुसेडर किंग्ज, भाग दुसरा. स्वीडनच्या कंपनीनं २०१२ ला काढलेला, २०१९ ला मूळ गेम फुकट करून टाकला, तेव्हा याच्यासारख्या जुना लॅपटॉप असलेल्या पोरांची चंगळ झाली. त्याचा तिसरा भाग आहे, २०२० चा, पण तो याच्या लॅपटॉपवर चालतच नाही, पंखा असा ओरडतो की वहिनीला वाटतं मिक्सर लागला. मूळ गेम १०६६ सालापासून सुरू होतो, युरोपातले राजे. त्यावर काही हौशी लोकांनी २०१४ ला एक मॉड काढला, आफ्टर द एंड. म्हणजे गेम तोच, नियम तेच, फक्त नकाशा अमेरिकेचा आणि साल २६६६. काहीतरी घडलं आणि सगळं संपलं, वीज गेली, छापखाने गेले, बंदुका गेल्या, आणि राहिलेल्या माणसांनी परत पहिल्यापासून गढ्या बांधल्या. पुढं मूळ करणाऱ्याकडून दुसऱ्या चाहत्यांनी तो हातात घेतला आणि वाढवत नेला. फुकटात, नोकरी-कॉलेज सांभाळून. हे मला फार गोड वाटतं, गावच्या भजनी मंडळासारखं, म्हातारा पेटीवाला गेला की दुसरा कोणीतरी पेटीवर बसतो.

या गेमात तुम्ही देश नसता, घराणं असता. हे भाच्यानं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी कान टवकारले. तुमचा राजा मरतो, मग तुम्ही त्याचा मुलगा होता, मग नातू. लग्नं जमवायची, सोयरिकी बघायच्या, भाऊबंदकी मिटवायची नाहीतर पेटवायची. सुरुवातीला जो वारसाकायदा असतो त्यात बापाची गावं सगळ्या पोरांत वाटली जातात, त्यामुळे मोठं राज्य उभं करायला आयुष्य जातं आणि बाप मेला की एका दिवसात त्याचे चार तुकडे. पोरं यावर इतकी चिडतात! तासन् तास जमवलेलं राज्य फुटलं की शिव्या. मी म्हटलं बाबा, आपल्या घरचा सातबारा काढून बघ, तुझ्या पणजोबाचे साठ एकर होते, आता तुझ्या बापाच्या नावावर सहा आहेत, त्यातही विहिरीत चौघांचा हिस्सा. तो म्हणाला, फुई (आमच्याकडं आत्याला फुई म्हणतात), म्हणूनच मी बाकीच्या भावांना मारून टाकतो गेममध्ये. आणि मुलगी? मुलगी वारस होते, पण मुलगा नसेल तरच. आणि घराण्याचं कोणीच उरलं नाही तर गेम ओव्हर.

हे तो सहज बोलून गेला. मी सहज ऐकून घेतलं नाही, पण त्याबद्दल नंतर.

या मॉडबद्दल लोकांचं काय काय म्हणणं असतं ते मला या तीन पोरांवरूनच कळलं, आणि मला वाटतं जगभर हेच तीन प्रकार असणार. पहिला प्रकार हसणारा. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना देव करून त्यांचे पुतळे पुजणारा एक पंथ आहे त्यात, डॉलरला आणि बाजाराला भजणारा एक आहे, अणूला पुजणारा एक, कॅलिफोर्नियात एक सम्राट गादीवर बसलेला, पोप रोममधून उठून सेंट लुईसला. यातला प्रत्येक जोक आहे आणि चांगला जोक आहे, कारण तो आजच्याच लोकांवर आहे. नोटांना देव मानायला जग बुडायची वाट कोणी बघत नाही. दुसरा प्रकार गंभीर. भाच्याचा भुसावळचा दोस्त या प्रकारातला, त्याला जोक चालत नाही. त्याचं म्हणणं, गेमात राहणाऱ्या माणसाला हा जोक वाटत नसणार ना, त्याच्यासाठी तो धर्म आहे, मग तुम्ही का खिदळता. तो आपला राजा असा चालवतो की जणू स्वतः दीक्षा घेतलीये. उपासतापास करतो, यात्रेला जातो. आणि तिसरा प्रकार मला सगळ्यात ओळखीचा वाटला. नकाशा उघडला की पहिल्यांदा आपलं गाव शोधणारा.

म्हणजे अमेरिकन माणूस हे करत असेल यात नवल नाही. पण यांचं काय गाव आहे तिथं? तरी एकानं त्याच्या चुलतभावाचं न्यू जर्सी शोधलं, दुसऱ्यानं मामेबहिणीचं टेक्सास. आणि ते सापडल्यावर कोण तिथला सरदार, किती सैन्य, कोणता देव, यावर अर्धा तास चर्चा. मामेबहिणीला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला की ताई तुमच्याकडं आता घोडेस्वार आलेत. ताईनं हसण्याचे चार पिवळे चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, आमची सोसायटी दाखव ना.

यांच्यासोबत एक चौथा असतो, आवाजानं. डेट्रॉइटच्या आसपास कुठंतरी राहतो, खेळता खेळता ओळख झाली, आपल्याकडं संध्याकाळ असते तेव्हा त्याची सकाळ, पाठीमागून त्याच्या कॉफीच्या मशीनचा आवाज येतो. त्या संध्याकाळी पोरं हसली ती त्याच्याच भागावर. गंजाला आणि मशीनला देव मानणारा तो पंथ मिशिगनमधला आहे, मोटारींच्या कारखान्यांच्या मुलखात. पोरांना वाटलं तोही हसेल. नंतर भाच्यानं मला सांगितलं की तो हसला नाही. रागावलाही नाही. म्हणाला, माझे आजोबा तीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यावरसुद्धा रविवारी गाडीतून तिथं जायचे, समोर गाडी लावायचे, काचा खाली करून बसायचे आणि घरी यायचे. तर मला यात नवीन काही वाटत नाही. आणि मग म्हणे तोच पंथ घेऊन खेळायला लागला, मन लावून.

मी भाच्याला म्हटलं, डेट्रॉइटचं तुला माहिती आहे का काही. त्याला माहिती नव्हतं. १९५० ला त्या शहरात अठरा लाखांच्या वर माणसं होती आणि २०१० ला सात लाख. २०१३ च्या जुलैत शहरानं दिवाळं काढलं, खरंखुरं कोर्टात जाऊन. आणि हा मॉड आला २०१४ ला. म्हणजे ज्यानं तो पंथ लिहिला त्याला सहाशे वर्षं पुढं जायची गरजच नव्हती, खिडकीतून बघितलं तरी पुरे होतं. भाचा म्हणाला, फुई, तुला हे कसं माहिती. मी म्हटलं, मी सामाजिक शास्त्र शिकवते रे, तुझी फुई आहे म्हणून काय फक्त रस-पोळीच खाते का.

पण मला ते आजोबा दिसत राहिले, काचा खाली करून बसलेले. कारण आमचे नाना. आमच्या तालुक्याला कापडाची गिरण होती, नाना काही गिरणीत नव्हते, शेतीच करायचे, पण घरातली सगळी घड्याळं गिरणीच्या भोंग्यावर. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला दूध काढून झालेलं पाहिजे. वारा तिकडून असला की भोंगा मळ्यापर्यंत यायचा. गिरण बंद झाली, भोंगा बंद झाला, आणि नाना त्यानंतर कित्येक वर्षं "पहिला भोंगा झाला का गं" असंच विचारत राहिले आणि माय "व्हयना" म्हणत राहिली. कुठला भोंगा, काय वाजला, दोघांनाही माहिती की काही वाजलेलं नाही. वहिनी नवीन लग्न होऊन आली तेव्हा घाबरली, तिला वाटलं सासऱ्यांना काहीतरी ऐकू येतं. अजूनही आमच्याकडं पहाटे पाचला कोणी उठला की माय म्हणते पहिल्या भोंग्याला उठला. भाच्यानं आयुष्यात भोंगा ऐकलेला नाही पण तोही म्हणतो.

रात्री लाईट गेली. गच्चीवर गाद्या टाकल्या, पोरं पण वर आली, लॅपटॉपची बॅटरी संपलेली त्यामुळे आता तोंडानंच खेळ. विषय निघाला की असा मॉड खान्देशचा केला तर. खरं तर खान्देश या कंपनीच्या दुसऱ्या एका गेममध्ये आहे म्हणे, तो १४४४ ला सुरू होतो, त्यात खान्देश वेगळं राज्य, फारुकींचं, आणि भाचा म्हणतो ते घेऊन खेळायला बसलं की एकीकडं गुजरात, एकीकडं माळवा, खाली बहमनी, डाळीतल्या खड्यासारखी अवस्था. पण बुडालेल्या जगानंतरचा खान्देश कोणी केलेला नाही. मग यांनी अंधारात सुरू केला. भुसावळवाल्यानं आधीच सांगून टाकलं की सगळ्यात मोठी गादी भुसावळची, तिथं लोको शेडमध्ये इंजिनाचा देव, आणि जंक्शनवरून पाच दिशांना यात्रा. हा हसणाऱ्यांना हसू नका म्हणणारा पोरगा हं, आपल्या गावावर आल्यावर कसा सुटला बघा. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या म्हणजे देवळाचे कळस. रावेर-यावलकडं केळीचा राजा, त्याच्याकडं पैसा भरपूर पण सैन्य भाड्याचं. हतनूरचे दरवाजे उघडायचा मान एकाच घराण्याला. अमळनेरला तेलाची देवी, कारण १९४५ ला तिथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तीच पुढं विप्रो झाली, तर सहाशे वर्षांनी लोक अशी कथा सांगतील की तेलाच्या घाण्यातून कॉम्प्युटर निघाला. मी म्हटलं हे तर आजच कोणी ऐकलं तरी पुराणच वाटतं.

मग मी पण सुरू झाले. म्हटलं, आणि आसोद्याला एक बाई संत, जिच्या ओव्या सगळ्या बायकांना पाठ पण लिहिलेल्या कुठं नाहीत. बहिणाबाईंचं असंच होणार होतं जवळजवळ, त्या स्वतः लिहू शकत नव्हत्या, पोरानं आणि भाच्यानं थोडंफार कागदावर उतरवलं, १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला पुस्तक आलं. तो कागद नसता तर आज त्या असत्या पण नावाशिवाय असत्या, जात्यावर कुठंतरी. पोरांना यातलं किती कळलं माहिती नाही, एक जण झोपलाच.

भुसावळवाला जागा होता. तो म्हणाला, पण फुई (तोही मला फुईच म्हणायला लागला), आपल्याकडं जग कशानं बुडालं ते ठरवावं लागेल. भाचा म्हणाला, नाही ठरवायचं, मॉडमध्ये पण सांगितलेलं नाही. आणि हे खरंय, त्या मॉडमध्ये नेमकं काय घडलं ते कुठंच सांगत नाहीत. त्याला नुसतं "ती घटना" म्हणतात. अणुबॉम्ब, रोगराई, उल्का, काय ते खेळणाऱ्यानं धरावं. काही लोक यावर फार वैतागतात म्हणे, आम्हाला सांगा, आम्हाला कळलंच पाहिजे. आणि दुसरे तितक्याच जोरात म्हणतात की सांगाल तर मजा जाईल. मी त्या दुसऱ्यांच्या बाजूची. कारण गादीवर पडल्या पडल्या मी हिशोब केला. २६६६ म्हणजे आजपासून साधारण सहाशे चाळीस वर्षं. तेवढीच मागं गेली की १३८२ च्या आसपास येतात, म्हणजे मलिक राजा फारुकी थाळनेरला दिल्लीचा हुकूम झुगारून स्वतःचा झाला तो काळ. त्याच्या घराण्याच्या कबरी थाळनेरला तापीच्या काठी अजून आहेत. दोनशे वर्षांवर राज्य केलं त्यांनी, १६०१ ला अकबरानं असीरगड घेतला तेव्हा संपलं, मग मुलगा दानियालच्या नावावरून मुलखाचं नाव दानदेश केलं, ते नाव टिकलं नाही, खान्देशच राहिलं. आता मला सांगा, थाळनेरच्या आठवड्याच्या बाजारात कांदे विकत बसलेल्या बाईला विचारलं की इथं काय झालं होतं, तर ती काय सांगेल? ती म्हणेल "जुनं शे." बस. तिच्यासाठी फारुकी पण "ती घटना"च.

आणि बुडायचं म्हणाल तर आपण काय बुडालेलो नाही का. १६३० च्या दुष्काळात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून बऱ्हाणपूरच्या रस्त्यानं आग्र्याला गेला, त्यानं लिहून ठेवलंय, नंदुरबारला तंबू ठोकायला प्रेतांमुळे जागा सापडेना. पुढं १८०३-०४ चा, होळकर-शिंद्यांच्या फौजा एकीकडून आणि दुष्काळ दुसरीकडून. १८१८ ला इंग्रज आले तेव्हा खान्देशात गावंच्या गावं ओस, शेतांत झाडं वाढलेली आणि त्यात वाघ. मी हे दरवर्षी पोरांना शिकवते आणि दरवर्षी दोन मार्कांच्या प्रश्नाइतकंच शिकवते.

पण एक शब्द आहे, तो मी खूप उशिरा शिकले. आमचं सहा एकराचं जे रान आहे ते आमच्या गावाच्या शिवारात नाहीच. ते शेजारच्या गावाच्या शिवारात आहे आणि त्या गावात एकही घर नाही. नाव आहे, नकाशा आहे, गट नंबर आहेत, सातबारा निघतो, माणूस नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचीच शेतं अशा भुताच्या गावात असतात. महसुलात त्याला बेचिराग म्हणतात. आपण बोलताना बेचिराख म्हणतो, आणि राख ऐकू येते म्हणून आपल्याला वाटतं जळालेलं गाव. तसं नाही ते. चिराग. बे-चिराग. जिथं दिवा लागत नाही ते गाव.

हे मी मायला कधी सांगितलेलं नाही. तिला फारसीचा फ पण माहिती नाही. आणि तरी संध्याकाळी तुळशीकडं जाताना तिनं त्या बुडालेल्या अमेरिकेबद्दल विचारलं काय, तर हे.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, नानांच्या नावानं, आजोबांच्या नावानं, त्यांच्या वडलांच्या नावानं पाणी. त्याच्या वर नावं येत नाहीत कोणाला. भाऊ तिथंच थांबतो, तीन नावं झाली की हात जोडतो. दुपारी रस, पुरणपोळी, सांजोऱ्या, सगळे आडवे. बायकांचा सण आहे हा, माहेरवाशिणींचा, निंबाला झोका बांधलेला होता आणि गल्लीतल्या पोरी गात होत्या, पण मी खाली बसले होते कारण भाऊ कागद घेऊन आला होता.

सांगते. सहा एकर सोलरवाल्यांना द्यायचं चाललंय. आमच्याकडं सगळीकडं चाललंय, कापसाला भाव नाही, बोंडअळी, मजूर नाही, आणि इथं ऊन तर फुकटचं, पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्री. भाऊ चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही. पण त्याला वारसांच्या सह्या पाहिजेत, म्हणजे माझं हक्कसोडपत्र. कायद्यानं २००५ पासून माझा हिस्सा त्याच्या बरोबरीनं आहे, हे मी वर्गात शिकवते, फळ्यावर लिहून. आणि घरी भाऊ कागद पुढं करतो तेव्हा मला लाज वाटते, मागायची पण आणि सोडायची पण. त्यानं कधी मला काही कमी केलं नाही. आखाजीला, दिवाळीला, लेकीच्या बाळंतपणाला, साडी कधी चुकली नाही. हक्क सोडला नाही तर साडी राहील का, हा प्रश्न आमच्याकडच्या सगळ्या बायकांना पडतो आणि कोणी मोठ्यानं विचारत नाही. भाचा बाजूला मोबाईल बघत होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मला त्याचं वाक्य आठवलं, मुलगा नसेल तरच. त्यालाही आठवलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

मी म्हटलं, आधी एकदा रान बघून येते.

संध्याकाळी ऊन कलल्यावर भाच्याच्या गाडीवर निघालो. मायनं पिशवीत तेलाची बाटली, काडेपेटी आणि वाती दिल्या, दर आखाजीला तिथं दिवा लावायचा असतो, नाना होते तोवर नाना लावायचे, मग भाऊ, दोन वर्षांपासून कोणी गेलंच नव्हतं. बोरी नदीच्या काठानं धूळ उडवत गेलो. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, जमीन भेगाळलेली. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला ती पांढर आहे, जुन्या गावठाणाची. तिथं माती खरंच पांढुरकी, काळीत मिसळत नाही. पूर्वी धाब्याच्या घरांवर टाकायला लोक इथून माती न्यायचे. नांगर लागला की खापऱ्या निघतात, एखादा जात्याचा तुकडा, लहानपणी मला तिथं हिरव्या काचेची अर्धी बांगडी सापडली होती, मी ती बरीच वर्षं कंपासपेटीत ठेवली. कोणाची असेल. तिला तरी माहिती होतं का की आपलं गाव संपतंय, का ती आपली चार दिवस माहेरी चाललेय असं समजून निघाली.

आणि निंबाखाली देव. दगडच. शेंदराचे इतके थर की आत दगड आहे का नुसता शेंदूरच हे सांगता येणार नाही. नाव नाही. मारुती नाही, म्हसोबा नाही, आम्ही त्याला "गावना देव" म्हणतो, ज्या गावाचा तो, ते गाव नाही. भाच्यानं विचारलं हा कशाचा देव आहे, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला त्या मॉडमधल्या लोकांइतकंच माहिती आहे. पुजायचं एवढं माहिती आहे.

तेवढ्यात भाचा म्हणाला, फुई, हे बघ.

देवाच्या बाजूला, हातभर अंतरावर, सोलरच्या मोजणीवाल्यांनी खुंटी रोवलेली होती. लोखंडी, तिच्यावर लाल रंगात काहीतरी नंबर. आणि त्या खुंटीला शेंदूर लावलेला. ताजा. खाली नारळाच्या दोन वाट्या, मुंग्या लागलेल्या.

बांधशेजारचे बाबा बैल सोडून तिकडंच येत होते. मी विचारलं, बाबा, हे कोणी केलं? ते म्हणाले, मीच. "शेंदूर उरना व्हता, लाई दिधा. तो बी आते आठलाच शे ना. त्याले उघडं कशाले ठेवानं?" तोही आता इथलाच, एवढं सांगून तंबाखू मळत उभे राहिले, जसं काही विशेष बोललेच नाहीत.

मी भाच्याकडं बघितलं, मला वाटलं आता हसेल, त्या गंजाच्या पंथावर हसला होता तसा. तो खुंटीजवळ उकिडवा बसला होता. फोटो काढला त्यानं. मग फोन खिशात ठेवला आणि मला विचारलं, वाती किती दिल्यात आजीनं?

दोन होत्या. माय नेहमी दोन देते, एक वाऱ्यानं गेली तर दुसरी. वारा नव्हता त्या दिवशी, पानही हलत नव्हतं. देवापुढं एक लावली, तेल घातलं, आडोशाला दगड ठेवला. दुसरी हातात राहिली. भाच्यानं नारळाची एक वाटी झटकून मुंग्या काढल्या, तिच्यात तेल ओतलं.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. कागद ओसरीवरच होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर अडकित्ता ठेवलेला. मायनं आतूनच विचारलं, "दिवा लावा का?"

भाचा म्हणाला, दोन लावले.